हातात परत न येणारा माझा वारस

मी एक जुना लाकडी यो-यो आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. यो-योचं डोकं फिरणारच, असं म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण मित्रांनो, ज्या खिळ्याला मी लटकतो त्याच्या बरोबर खाली, तपासणीच्या टेबलावर, गेल्या महिन्यात एक चकचकीत वस्तू येऊन बसली. तिच्या खोक्यावर माझ्याच घराण्याचं नाव छापलेलं आहे आणि नावापुढे 'नवा' असा शब्द आहे. म्हणजे मी जुना, हे सांगायला वेगळा माणूस ठेवायला नको. या नव्याबद्दल माझं मत मी सांगणारच आहे. पण आधी माझ्याबद्दल ऐकून घ्या, म्हणजे मला एवढी किळस का आली ते कळेल.

माझा जन्म एका मोडक्या टेबलाच्या जाड पायातून झाला. एका काताऱ्याकडे, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोलाई देणाऱ्या माणसाकडे, ते टेबल दुरुस्तीला आलं होतं. टेबल काही दुरुस्त झालं नाही. त्याच्या पायाच्या शेजारशेजारच्या दोन चकत्या कापून काताऱ्याने मला घडवलं. शेजारच्याच का, तर दोन्हींचं वजन सारखं भरावं म्हणून. एक बाजू जड झाली की यो-यो झोपेतून उठवलेल्या माणसासारखा झोकांड्या खातो. मधे दांडी, ती सरसाने पक्की बसवलेली. दांडीभोवती सुती दोरीचा नुसता फास, गाठ नाही. गाठ मारली तर यो-यो खाली पोचताच उलटा वर येतो. फास असला तर तो घटकाभर खाली फिरत राहतो आणि हलका झटका दिला की मगच वर येतो. ही अक्कल खोक्यात घालून मिळत नाही.

हे सगळं त्याने आपल्या मुलीसाठी केलं. ती लेथखाली बसून भुशात बोटं घालून खेळत असे. त्याने तिला उभं केलं, जमिनीपासून तिच्या बेंबीपर्यंत दोरी मापली आणि तिथे कापली. तिने मला फेकलं. मी खाली गेलो, थोडा फिरलो आणि तिच्या तळहातावर येऊन बसलो. कातारी फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने काडेपेटीतली एक काडी लाल रंगात बुडवली आणि माझ्या पोटावर ठिपका दिला.

"हातात परत आला म्हणून ठिपका," तो म्हणाला. "नाही आला तर नाही."

पुढे हाच त्या घरचा कायदा झाला. माझ्यावरून यो-यो बनू लागले, घरामागे छोटा कारखाना उभा राहिला, आणि ठिपक्याशिवाय एकही यो-यो दाराबाहेर गेला नाही. नापास झालेले दाराजवळच्या पेटीत पडत आणि सरसाचं भांडं तापवायला जळत. ती मुलगी मोठी झाली आणि तपासणीच्या टेबलावर बसली. मग तिच्या भावाला मुलगी झाली, तेव्हापासून सगळे तिला आत्याच म्हणू लागले. भाऊ गेला, कातारी गेला, आत्या टेबलावरून हलली नाही. रोज सकाळी ती आधी मला खिळ्यावरून काढायची, एकदा फेकायची, मी परत आलो की मान हलवायची आणि मग दिवसाचा माल तपासायला घ्यायची. मीच नमुना, मीच मोजमाप. शेजारपाजारची मुलं दारात उभी राहून बघायची आणि आत्याच्या मनगटाचं कौतुक करायची. कौतुकातला अर्धा वाटा माझा, असं मी धरून चालत असे.

भावाची मुलगी एका जागी बसत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता लेथ तीच चालवते.

गेल्या थंडीत आत्या पायरीवरून पडली. उजवं मनगट मोडलं आणि जुळलं ते वाकडंच. पट्टी निघाल्यावर तिने मला पहिल्यांदा फेकलं तेव्हाच मला कळलं. खाली मी नेहमीसारखा फिरत थांबलो, झटक्याची वाट बघत. झटका आला, पण तो झटका नव्हता, नुसता हात हलला. मी तिथेच गरगरत संपलो. आत्याने मला हाताने गुंडाळून खिळ्याला टांगलं. "दोरी जुनी झाली," ती स्वतःशीच म्हणाली. दोरी जुनी होती हे खरं, पण दोष तिचा नव्हता.

त्या दिवसापासून पेटी भरू लागली. चांगले, खणखणीत, सरळ फिरणारे यो-यो आत्याच्या हातात परत येईनात, आणि कायदा म्हणजे कायदा, ती त्यांना पेटीत टाकी. "लाकूडच हल्ली बरं येत नाही," असं भिंगरीला ऐकवी. भिंगरी "हो ना," म्हणे. संध्याकाळी आत्या चहाला आत गेली की भिंगरी पेटीशी बसे, एकेक यो-यो काढून फेकून बघे, तो तिच्या हातात टप्पकन येई, आणि ती काडीने ठिपका देऊन त्याला चांगल्या मालात सरकवी. मी हे रोज खिळ्यावरून बघत होतो. यो-योला जीभ नसते हे किती बरं, असं मला तेव्हा वाटलं.

आणि मग तो आला.

आता माझं मत ऐका. खोकं आधी. अंगापेक्षा बोंगा मोठा. आत स्पंजाची गादी आणि गादीत हे महाशय झोपलेले. आम्ही सुतळीच्या पिशवीत एकमेकांवर आपटत दुकानात जायचो आणि कुणाची कुरकूर नसे. दुसरं, स्पर्श. अॅल्युमिनियमचा तो गार, गुळगुळीत देह बघूनच अंगावर काटा येतो. वासही लाकडाचा नाही, यंत्राच्या तेलाचा. तिसरं, आकार. दोन वाट्या पालथ्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तसा, आणि मधे एवढी रुंद फट की दोरी आत जाऊन हरवावी. दोरी तर विचारूच नका. भडक हिरवी. पोटात दांडीवर बॉल बेअरिंग, त्यामुळे तो खाली जातो तो फिरतच राहतो, फिरतच राहतो. फिरणं चांगलं आहे हे मी मान्य करतो. वेळ घालवायचा असेल तर उत्तम.

पण मित्रांनो, किळस यायची खरी गोष्ट पुढेच आहे. तो परत येत नाही. झटका द्या, ओढा, विनवण्या करा. ढिम्म. तो खाली आपला गिरगिरत राहतो. परत न येणाऱ्या यो-योला यो-यो म्हणायचं, तर मग दगडाला दोरी बांधली तरी काम भागतं. आणि याच्या खोक्यावर आमचं नाव.

हे पहिल्यांदा आत्यालाच कळलं. त्या दिवशी नवा माल तयार होता आणि संध्याकाळी गाडीवाला तो उचलणार होता. खेळण्यांच्या मोठ्या दुकानाने साफ सांगितलं होतं की नुसते लाकडी आता नकोत, नवे दिलेत तर बरोबर लाकडीही घेऊ. आजची खेप गेली नाही तर दुकान दुसरीकडे वळणार आणि कारखान्याला कुलूप लागणार, हे भिंगरीने सकाळीच सांगितलं होतं. मग ती दोरे आणायला बाजारात गेली. जाताना म्हणाली, "आत्या, मी आल्यावर तपासू, बरं का. कशाला घाई करतेस."

आत्याला टेबलावर माल दिसला की गप्प बसवत नाही. खोक्यात एक कागद होता, कसं खेळायचं ते सांगणारा. आत्याने तो चष्मा न लावताच बाजूला ठेवला. "यो-यो कसा फेकायचा हे आता मला कागद शिकवणार?"

तिने पहिला फेकला. आला नाही. दुसरा, तिसरा, एकही आला नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या, लपवत नाही. आत्याने एकेक करून सगळी खेप उचलली आणि पेटीत टाकली, जळणाच्या लाकडी यो-योंवर. अॅल्युमिनियम चुलीत घालायला निघालेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

भिंगरी परत आली ती टेबल रिकामं बघून दारातच थांबली. मग तिची नजर पेटीकडे गेली.

"आत्या, हे काय केलंस?"

"नापास केले. एक परत येत नाही."

"ते असे परत येतच नाहीत. गाडी येईल ना आता."

"येऊ दे. परत न येणाऱ्याला मी ठिपका द्यायची नाही. बाबांचा कायदा आहे."

भिंगरी पेटीपाशी खाली बसली आणि भराभरा माल काढू लागली. चकचकीत काढता काढता हाताच्या सवयीने तिने एक लाकडीही उचलला, उभी राहून फेकला, तो टप्पकन हातात आला, आणि तिने काडी उचलून त्याला ठिपका दिला. तेव्हा तिला कळलं की आत्या बघते आहे.

आत्या पेटीपाशी आली.

"तो मी सकाळी नापास केलेला," आत्या म्हणाली.

"हो."

"कधीपासून करतेस हे?"

"तुझा हात मोडल्यापासून."

आत्या खुर्चीत बसली. उजवं मनगट तिने डाव्या हातात धरलं होतं. मला वाटलं होतं ती रागावेल, पण ती म्हणाली, "म्हणजे लाकूड चांगलंच येत होतं तर."

"लाकूड पहिल्यापासून चांगलं आहे गं," भिंगरी म्हणाली. "झटका लागतो ना त्याला. म्हणून मग हा करवून घेतला. याला झटका लागतच नाही. दुकानाला आवडला ते नंतर. दे हात."

तिने ती हिरवी दोरी आत्याच्या बोटात घातली. आत्याने हात सैल सोडला, यो-यो खाली गेला आणि फिरत राहिला. भिंगरीने दाखवलं तशी आत्याने डाव्या हाताने दोरीची छोटी घडी केली आणि हळूच त्या रुंद फटीत सरकवली. घाई नव्हती. तो फिरत थांबला होता, तिच्या वाकड्या हाताला लागेल तेवढा वेळ. घडी आत पोचली, दोरीने दोरीला धरलं, आणि ते निर्लज्ज डबडं गुंडाळत गुंडाळत वर येऊन तिच्या तळहातावर बसलं.

आत्याने तो मुठीत धरून ठेवला. मग म्हणाली, "काडी दे."

अॅल्युमिनियमवर लाल रंग नीट बसत नाही, ओघळतो. तरी तिने प्रत्येकाला फेकून बघितलं आणि प्रत्येकाला ठिपका दिला. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत राहिला. "येतेय, येतेय, धीर धर," म्हणून भिंगरीने त्याला दारातूनच गप्प केलं. लाकडी यो-यो तपासायचं काम त्या संध्याकाळपासून भिंगरीचं झालं, आणि पेटी जवळजवळ रिकामी असते.

मित्रांनो, माझं मत बदललेलं नाही. तो गार आहे, भडक आहे, तेलकट आहे, आणि त्याच्या पोटात बेअरिंग आहे. त्याच्याकडे पाहिलं की मला अजून शिसारी येते. पण तिच्या हातात तो परत येतो आणि मी येत नाही, हे मी खिळ्यावरून रोज बघतो. तेवढ्यासाठी मी त्याला सहन करतो. तुम्हाला एकच विनंती आहे. घरात एखादी वस्तू पहिल्यासारखी चालेनाशी झाली, तर तिला पेटीत टाकण्याआधी तिच्यावर ज्याचा हात असतो त्याच्याकडे एकदा बघा. कदाचित दुखणं तिथे असेल, आणि ते माणूस सांगत नसेल.

आज सकाळी आत्याने मला खिळ्यावरून काढलं. फेकलं नाही. जुनी दोरी सोडवली आणि नवी घातली, नुसता फास, गाठ नाही. हिरवी असेल या भीतीने मी डोळे मिटून घेतले होते. उघडून पाहिलं तर दोरी पांढरी होती, सुती.