पन्नास लाल अंगठे

नावं गोळा करायला लियानश्यांगला तीन महिने लागले. दगडखाणीच्या धुळीने छाती भरलेली पन्नास माणसं. प्रत्येकाचा ओळखपत्र क्रमांक आणि शेजारी लाल अंगठा. पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं, तंग थिंगफूचं. संघटना नोंदली की सगळ्यांना मिळून खाणीकडे भरपाई मागता येणार होती. नोंद नसताना चौघं जमले, तरी चौकीवरून बोलावणं येई.

नोंदणीसाठी आधी एखादं सरकारी खातं पाठीशी लागतं. हुनान प्रांतातल्या त्या तालुक्यात त्याला सगळे 'सासू' म्हणत. आरोग्य खात्याने कामगार खात्याकडे बोट दाखवलं. तिथले कोउ साहेब मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, यादी ठेवून जा. वरती दाखवतो."

सहा आठवड्यांनी नोंदणी कार्यालयातल्या बाईने तिचा अर्ज परत सरकवला. "एका तालुक्यात एका कामाची एकच संघटना. ती झाली."

"कुणाची?"

बाईने कागद फिरवला. धूळग्रस्त कामगार स्नेहसंघ. सासू, कामगार खातं. अध्यक्ष, खाणमालकाचा मेहुणा. खाली सभासदांची यादी लियानश्यांगच्याच अक्षरात, तिने खोडून सुधारलेल्या आकड्यासकट.

लियानश्यांगने यादीवर बोट ठेवलं. "या माणसांनी ह्याला होकार दिलेला नाही."

"अंगठे आहेत की."

"मग नावं काढा."

"संघाच्या शिक्क्याचं पत्र आणा. शिक्का अध्यक्षांकडे असतो."

थिंगफूने खाटेवरून सगळं ऐकून घेतलं. "सभा कधी आहे त्यांची?"

"शनिवारी. खाणीच्या खानावळीत."

"सभासद आहे ना मी? चल घेऊन. आता चौकीवाले काय म्हणतात बघू."

एक्केचाळीस जण आले. दारातच प्रत्येकाच्या हातात दोन-दोन संत्री दिली गेली. थिंगफू भिंतीला धरून उभा राहिला. "अध्यक्ष निवडायचाय. मतं घ्या."

"निवड झालीय, तंग दादा," मेहुणा हसत म्हणाला. "तुम्हीच केलीत. कागदावर आहे."

"मी तर खाटेवर होतो."

"मग तिथूनच केलीत. बसा, दम लागेल."

कुणीतरी हसलंसुद्धा. फोटोवाल्याने संत्री छातीशी धरायला सांगितली. धाप लागलेल्या माणसांनी ती धरली. लियानश्यांगला किळस आली, मेहुण्याची आली, आणि त्या धरलेल्या हातांचीही.

"खाली ठेवा ती," ती म्हणाली.

थिंगफूने ठेवली. मागच्या रांगेतल्या सातआठ जणांनी ठेवली. बाकीच्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं, आणि एकाने तर सोलायलाही घेतलं होतं.