कुळथाच्या बरणीपुढचा बिल्ला

बसा हितं पायरीवर, मित्रांनो, आणि कान द्या. माझीच गोष्ट सांगतो, घडलेली.

मी एक जुना टॅपचा बिल्ला हाय. बाटलीच्या बुचाएवढा, पूर्वी पांढरा, आता खाऱ्या हवेनं पिवळा पडलेला. पोटात एक चिप. फोन टेकवलात की त्यावर मालाची माहिती उघडते, आणि फोन कितीदा टेकला ते मी कळवतो. कुठल्या कारखान्यात जन्मलो, आठवत नाय. आठवतं ते मांडवीच्या किनाऱ्यावरचं राजश्रीकाकूचं दुकान. तिची लेक आरोही पुण्याला नोकरी करते. तिनं आम्हा सहा भावांना आणून एकेका बरणीपुढं चिकटवलं.

"आई, गिऱ्हाईक काय बघतं ते मला पुण्यात बसून कळेल."

"मला इथं बसून कळत नाही, तुला तिथं कळणार. चिकटव बाय."

कुणाला आंबापोळी मिळाली, कुणाला कोकम. माझ्या वाट्याला आलं कुळथाचं पीठ. ते आणायची काशीवयनी, आतल्या गावातली. कुळीथ भाजून, भरडून, घरच्या जात्यावर दळायची आणि दर मंगळवारी यष्टीनं यायची. तिचं घर त्या पिठावर चालायचं. ती पिशवी सोडायची तेव्हा असा खमंग वास सुटायचा की काय सांगू. त्या वासातच मी वाढलो. काय दिवस होते ते.

समुद्रावरनं पाहुणे यायचे, वाळूच्या हातांनी फणसपोळीपुढच्या माझ्या भावाला फोन टेकवायचे. तो नुसता फुगलेला. मला मात्र सबंध हंगामात कुणी शिवलं नाय.

मग पुण्याहून फोन आला. "आई, कुळथाकडे कोणी बघतच नाही. बंद कर ते."

काकूनं ऐकलं. लेक शिकलेली, ती काय खोटं सांगणार? मंगळवारी काशीवयनीला म्हणाली, "पुढच्या खेपेपासून पीठ नको गो."

वयनीनं चहाची कपबशी खाली ठेवली. "खवट लागला काय?"

"नाही गो. फोनवर दिसतं ना, कोणी बघत नाही."

"बरा," म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी घालून निघून गेली. मला ओरडावंसं वाटलं. पण कुणी फोन टेकवल्याशिवाय मला तोंड नाय.

चार दिवसांत बरणी संपली. पाचव्या दिवशी गोपाळकृष्ण मास्तर आले, नेहमीसारखा घरचा डबा घेऊन.

"भर."

"पीठ बंद केलं मास्तर. कोणी बघत नाही त्याच्याकडे."

"बघायचं काय त्यात? लहानपणापासून खातोय. ठाऊक नसेल तो बघेल." मास्तरांनी डबा तिथंच ठेवला. "आलं की भरून ठेव."

संध्याकाळपर्यंत तसे सात डबे लागले. काकू त्या डब्यांकडं बघत बसली. मग आरोहीला फोन लावला. "पाहुण्यांना ठाऊक नसतं, ते टेकवतात. आपली माणसं डबा टेकवतात. ते तुझ्या फोनात येत नाही, बाय."

आरोही म्हणाली, "चुकलं आई. मला आधी तुलाच विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी काकूनं दुकानाला कुलूप लावलं आणि यष्टी धरून वयनीच्या गावी गेली. जातं अंगणात पालथं पडलेलं. वयनी म्हणाली, "आता कशाला आलाव?" काकूनं पदर खोचला आणि जात्याची एक बाजू धरली. मग वयनीनंही दुसरी धरली. हे पुढच्या मंगळवारी वयनीनंच दुकानात पिठाची पिशवी सोडताना हसत सांगितलं, ते मी ऐकलं.

आता मी म्हातारा झालो. नवे फोन मला कधी ओळखतात, कधी नाय. तरी एक मागणं हाय, मित्रांनो. दुकानात आलात तर मला फोन टेकवा, मला बरं वाटतं. पण मग मान वर करा, आणि समोरच्या बाईला विचारा, हे कोण दळतं हो?