रुसणाऱ्या मशीनचा मंत्र

मशीनभोवती एवढी गर्दी होती की मशीनच दिसत नव्हतं. हिशेबखात्यातले दोघे खुर्च्यांवर चढले होते. दारावरचा पहारेकरी दार वाऱ्यावर सोडून आत आला होता. विक्रीखात्याच्या प्रमुखांनी तर बूट बाहेर काढून ठेवले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मशीनचा सेन्सर त्यांच्याच बोटाला लावलेला होता आणि ते बोट त्यांनी निवडून आलेल्या माणसासारखं वर धरलं होतं.

मध्यभागी सल्लागार उभे होते. त्यांना दाढी होती आणि ते कुठल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर देत नसत. एवढ्या भांडवलावर ऑफिस त्यांना बाबा म्हणायला लागलं होतं.

"यंत्राला मन नसतं, असं तुम्हाला कॉलेजात शिकवलं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "म्हणूनच ते तुमच्यावर रुसलंय."

मशीन होतं नवजात बाळांच्या खाटेशेजारी ठेवायचं. बाळाच्या पायाला सेन्सर बांधला की रक्तात प्राणवायू किती, तो आकडा पडद्यावर यायला हवा. मशीन सुरू झालं की त्याच्या पोटातली मूळ प्रणाली, म्हणजे कर्नल, एकेका भागाला हाक मारून उठवी. सेन्सरची पाळी आली की तो कधी ओ देई, कधी देत नसे. नाही दिली की आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.

बाबांनी यावर उपाय केला होता. सेन्सरला हाक मारण्याआधी कर्नलनं एक मंत्र छापायचा. 'हे प्राणदर्शका, जाग, स्थिर हो, प्रसन्न हो, आम्हांस आकडा दे' इथून सुरू होऊन तो बराच पुढे जाई. तपासणीच्या केबलमधून मंत्राची अक्षरं शेजारच्या पडद्यावर मुंगीच्या पावलांनी उमटत. मंत्र संपला की आकडा येई. मशीन बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा आकडा. सकाळपासून एकदाही रेघा आल्या नव्हत्या. टाळ्या मात्र दर वेळी आल्या.

गर्दीच्या मागे शंका उभी होती. खरं नाव वेगळं, पण तिला ऑफिसात याच नावानं हाक मारत आणि ती ओ देई. त्या बाबतीत ती सेन्सरपेक्षा बरी होती. हा बिघाड शोधता शोधता तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. बिघाड रोज भेटे, फक्त ती शोधायला बसली की दडी मारी. नेमकं कुठं अडतंय ते कळावं म्हणून तिनं कर्नलमध्ये जागोजागी छापायचे निरोप पेरले, 'इथवर आलो', 'इथवरही आलो'. मशीन लगेच गुणी बाळासारखं वागायला लागलं. निरोप काढले की पुन्हा रेघा. घरी ती टोस्टरकडेही रोखून बघायला लागली होती.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई, म्हणजे शंकेची सख्खी बहीण, नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका होती. मंत्र घातलेलं एक मशीन सकाळीच तिच्या वॉर्डात गेलं होतं.

"तुझं मशीन परत रेघा दाखवतंय गं."

"त्यात मंत्र घातलाय."

"काय घातलंय?"

"काही नाही. बाळ बरं आहे ना?"

"बाळ जुन्या मशीनवर आहे, म्हणून तर तुझ्याशी बोलतेय. उद्या जुनी मशीनं उचलून नेणार. मग मी काय करू? बाळ निळं पडतंय का, ते बघत बसू?"

शंकेनं खिडकीतून खाली पाहिलं. दारात ट्रक उभा होता आणि मंत्र घातलेल्या मशीनची खोकी भरणं चाललं होतं. ती गर्दी कापत कंपनीच्या साहेबांपाशी गेली.

"साहेब, वॉर्डात मंत्र चालला नाही."

"वॉर्डात श्रद्धा नसेल," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

साहेबांचा चेहरा खुलला. "हे पटतं. परिचारिकांना प्रशिक्षण देऊन टाकू."

"कशाचं? श्रद्धेचं?"

"अर्ध्या दिवसाचं."

शंका जागेवर जाऊन बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून मशीन सुरू होत असतं तर ते केव्हाच झालं असतं. मशीन तेच, मंत्र तोच. मग वॉर्डात वेगळं काय? वॉर्डात केबल नव्हती. आणि परिचारिकांना सुरुवातीची अगम्य अक्षरं दिसू नयेत म्हणून पाठवायच्या मशीनमध्ये छपाईच बंद केलेली असे. मंत्र आत होता, पण छापला जात नव्हता. ती ताडकन उठली. तिचे निरोप आणि बाबांचा मंत्र, दोघांनी काम एकच केलं होतं. वेळ खाल्ला होता.

"बाबा, मंत्र काढून मी तेवढंच लांब दुसरं काही घातलं तर?"

"यंत्राचा अपमान होईल."

"म्हणजे रेघा येतील?"

"निश्चित."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?"

तिनं मंत्र काढला आणि बेसिनवर चिकटवलेली सूचना घातली: 'कृपया आपला कप आपणच धुवावा. त्यासाठी कोणीही नेमलेले नाही.' मंत्राएवढी लांबी भरेपर्यंत तीच पुन्हा पुन्हा. मशीन सुरू केलं. कपाची सूचना सावकाश छापली गेली आणि आकडा आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आला.

मग खुर्चीवरचे एक हिशेबनीस हळूच म्हणाले, "म्हणजे त्या सूचनेतही शक्ती आहे."

विक्रीप्रमुख गुपचूप कप धुवायला निघाले. सेन्सर बोटालाच असल्यानं ते वायर पुरेल तिथवरच गेले.

शंकेनं कपाळ टेबलावर टेकवलं. थोड्या वेळानं उचललं.

"आता मंत्र परत घालते, एक अक्षर न गाळता. फक्त छपाई बंद, वॉर्डात असते तशी. आधीच सांगून ठेवते, सारखं बंद-चालू केलं की रेघा दिसतील."

दिसल्या.

"आता मंत्रही नाही, सूचनाही नाही. कर्नल नुसता जरा थांबेल. आकडा येईल."

आला.

"मौन हासुद्धा मंत्रच," बाबा म्हणाले.

"मग थंडीत सेन्सर आणखी उशिरा उठला, तर किती मौन पाळायचं?"

बाबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले.

"वीज आली की सेन्सरला जागं व्हायला थोडा वेळ लागतो," शंका सगळ्यांकडे वळली. "कधी कमी, कधी जास्त. आपला कर्नल दारावर एकदाच टकटक करतो, आतून ओ आली नाही की घरमालक मेला असं जाहीर करून पुढे जातो. मंत्र छापायला वेळ लागायचा, तेवढ्यात मालक उठून दाराशी यायचा. ओ येईपर्यंत टकटक करत राहायचं, हा उपाय. आणि बराच वेळ आलीच नाही, तर रेघा न दाखवता सेन्सर बंद आहे असं स्पष्ट लिहायचं."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" साहेबांनी बाबांना विचारलं.

"लांब काही छापलं की चालतं, एवढं ठाऊक होतं," बाबा दाढी कुरवाळत म्हणाले. "पण 'जरा थांबा' एवढंच सांगणाऱ्याला पुन्हा कोण बोलावणार?"

साहेब अजून अवघडलेलेच होते. "पण हॉस्पिटलला काय सांगू? सेन्सर उशिरा उठतो, हे फारच साधं वाटतं हो."

"साधंच आहे. आधी ट्रक थांबवा."

ट्रक थांबला. खोकी उतरली, प्रत्येक मशीनमधला मंत्र निघाला आणि टकटक आत गेली. वॉर्डातल्या मशीनसाठी शंका स्वतः जाऊन आली. परत येतेय तोच ताईचा फोन.

आपल्यापैकी बरेच जण त्या गर्दीत खुर्चीवर उभे राहिले असते. आकडा आला, हे खरंच होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चमत्कार दिसला की टाळीआधी एवढं विचारावं: यातलं काय काढून घेतलं तर हा बंद पडेल? आणि सांगणाऱ्याला विचारावं, तुमचं म्हणणं खोटं कधी ठरेल? जो आधी सांगून ठेवतो, त्याचं ऐकावं. जो नंतर श्रद्धा कमी पडली म्हणतो, त्याच्या हाती आजारी माणूस देऊ नये.

"माझ्या बोटाला लावून बघतेय," ताई सांगत होती. "कितीदा तरी बंद-चालू केलं. दर वेळी आकडा येतोय. आता लावू बाळाला?"

"लगेच नको. अजून बंद कर, चालू कर. खिडकी उघडून, गार हवेत करून बघ. मी कुठं चुकलेय का, ते शोध."

पलीकडे बटणाचा आवाज आला.