साबण प्यायलेला खल

दगडाला तहान लागते, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का? मी सांगतो. मी एक दगडी खल आहे, जावा बेटावरचा. मेरापी डोंगराने ओकलेल्या काळ्या दगडातून एका पाथरवटाने मला घडवलं. माझ्या अंगाला बारीक बारीक छिद्रं आहेत. पोटात जे पडेल, त्यातलं थोडं मी पिऊन टाकतो.

म्हणून आमच्याकडे खलाला साबण लावत नाहीत. गरम पाणी, नारळाच्या काथ्याचा घासा आणि ऊन, बस्स.

मी आधी सादियेमच्या हाती होतो. ती गेल्यावर तिच्या लेकीच्या, सुमिराहच्या हाती आलो. बाजाराच्या टोकाला सुमिराहची लहानशी खानावळ आहे. भात सगळीकडे मिळतो, पण लोक तिथे येतात ते चटणीसाठी. चाळीस वर्षांच्या मिरच्या, वाळवलेली कोळंबी, ताडगूळ, सगळं माझ्यात मुरलेलं. सुमिराह म्हणायची, चव माझ्या हाताला नाही, आईच्या खलाला आहे.

तिची मुलगी वेनिंग अकरावीत शिकते. विज्ञानाचे गुरुजी, पाक हंदोको (पाक म्हणजे आमच्याकडचं आदराचं संबोधन), शुक्रवारी झाडाच्या पेशींतून डीएनए काढायला शिकवणार होते. शाळेतला खल तडकलेला, म्हणून घरून आणायला सांगितलं होतं.

"फळच वाटायचं ना, न्दुक?" सुमिराहने लेकीला विचारलं. आमच्याकडे लेकीला लाडाने न्दुक म्हणतात, आईला बू.

"फळच, बू. पपई. साबण वेगळ्या काचेच्या भांड्यात घालीन."

या शब्दावर तिने मला दिलं.

वेनिंगने आधी शब्द पाळला. पपई आणि मीठ माझ्यात वाटलं, फडक्यातून गाळलं, साबणाचं पाणी भांड्यात मिसळलं, परीक्षानळीत ओतून वरून गार स्पिरिट सोडलं. पण वर आली ती नुसती धूसर साय. शेजारच्या टेबलांवर पांढरे धागे तरंगत होते. रेत्नो नावाची मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "तुझ्या पपईला आईबाप नाहीत वाटतं." सगळ्या हसल्या.

गुरुजी म्हणाले की पेशीवरचा पापुद्रा साबणाने विरघळतो, साबण फळात नीट भिनला पाहिजे, साबणासकटच वाट. तास संपायला दहा मिनिटं उरली होती.

वेनिंग माझ्याकडे बघत राहिली. मग उरलेल्या पपईवर दोन चमचे साबण तिने माझ्या पोटात ओतला, जोर लावून घोटलं आणि गाळून पुन्हा नळीत स्पिरिट सोडलं.

धागे आले. कापसाच्या पेळूसारखे पांढरे, एकमेकांत गुंतलेले. गुरुजींनी नळी उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. खोटं कशाला बोलू, घटकाभर मलाही अभिमान वाटला. जन्मभर वाटत आलो, पण वाटलेल्यात हे दडलेलं असतं, हे मला कुठे माहीत होतं?

तिने मला पाच वेळा धुतलं, उन्हात वाळवलं आणि घरी येऊन गप्प राहिली. मी तर मुकाच.

शनिवारी पाक कार्सो जेवायला आला. बस चालवणारा, जुनं गिऱ्हाईक. पहिला घास खाऊन जीभ फिरवत म्हणाला, "सुमिराह, आज मिरच्यांना आंघोळ घातलीस का?" लोक हसले. तिने बोटावर चटणी घेऊन चाखली. मग माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. वेनिंग रडू लागली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सुमिराह ओरडली नाही. तीन दिवस तिने माझ्यात कच्चे तांदूळ भरडले, भाजलेलं खोबरं वाटलं, उकळतं पाणी ओतलं. दर वेळी कडेला बारीक फेस यायचा. गिऱ्हाइकं अर्धी चटणी पानातच टाकून उठायची. लाजेने मला चीर जावी असं वाटे.

चौथ्या दिवशी दुपारी वेनिंगने शाळेतून आणलेली त्या धाग्यांची बाटली आईपुढे ठेवली. "हेच आईकडून लेकीकडे येतं, बू," ती हळूच म्हणाली.

सुमिराहने बाटली उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिली. "ह्याला चव असते का गं?"

"नाही."

तिने मान हलवली आणि बाटली परत दिली.

आता मी विहिरीजवळ असतो. कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात. त्या पोरीवर माझा राग नाही. तिला बघायचं होतं, आणि तिने पाहिलं. फक्त एवढं वाटतं की काय प्यावं आणि काय नाही, हे दगडाला ठरवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तुमच्या घरात असा एखादा मुका असेल, तर त्याच्या वतीने तुम्हीच नको म्हणत जा.

बाटली परत दिली त्याच्या दुसऱ्याच सकाळी सुमिराह बाजारातून नवा खल घेऊन आली, आणि त्यात पहिली मिरची तिने वेनिंगला वाटायला लावली.