एका कार्डावर एक माणूस

मी मेट्रो स्टेशनच्या तीन नंबरच्या गेटवरचं कार्डाचं मशीन बोलतंय. एरवी मी नुसतं 'टुंग' करतं, त्यामुळे मला काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

कारखान्यात मला दोनच गोष्टी शिकवल्या. कार्ड चाललं तर हिरवा दिवा, नाही चाललं तर लाल. मला दोन तोंडं आहेत, एक आत जाणाऱ्यांसाठी आणि एक बाहेर पडणाऱ्यांसाठी. दुतोंडी म्हणा हवं तर, पण दोन्ही तोंडांनी मी एकच बोलतं.

रोजची माणसं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कार्ड टेकवलं की चालू लागतात. खरी गंमत पाहुण्यांची. कुणी अख्खी पर्स माझ्या डोक्यावर घासतं. आत पाच कार्डं, मी कुणाकुणाचं ऐकायचं?

पण सगळ्यांत लक्षात राहिले ते काका-काकू. लेकीकडे पाहुणे आले होते. पाच वाजता नातीची पोहण्याची शर्यत होती आणि नातीने बजावलं होतं, "आजी, तू टोकाला उभी राहा. मी तुझ्याकडे बघत पोहणार." मला हे ठाऊक आहे, कारण काकूंनी ते रांगेतल्या पुढच्या बाईंना दोनदा सांगितलं.

काका सगळं शिकून आले होते. "अगं, तिकीट काढायचंच नाही. बँकेचं कार्ड नुसतं टेकवायचं. हे बघ."

टेकवलं. दार उघडलं, काका आत गेले, दार मिटलं. काकू बाहेरच.

काकांनी दारावरून कार्ड काकूंच्या हाती दिलं. मी लाल. एका कार्डावर एकच माणूस, हा माझा नियम. काकूंनी कार्ड पदराने पुसून टेकवलं, मग उलटं करून टेकवलं. शेवटी काकांनी कार्ड परत घेऊन, हात लांब करून स्वतः टेकवलं, जणू मी फक्त काकूंवरच रुसलं होतं. पुन्हा लाल.

"अहो, तुम्ही व्हा पुढे. साडेचार वाजले," काकू म्हणाल्या.

"मी जाऊन काय करू? पोरगी तुला शोधणार." काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

तेवढ्यात गेटवरच्या ताई आल्या. "काकू, तुमचं स्वतःचं कार्ड नाही का?"

"आहे की. पण ते वापरायचं नसतं."

"का बरं?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघू लागले. "हरवेल म्हणून मीच म्हटलं होतं," ते पुटपुटले.

लेकीने मागच्याच महिन्यात बँकेत नेऊन चालू करून दिलेलं ते कार्ड पर्समध्ये, पर्समधल्या रुमालात, रुमालातल्या पाकिटात होतं. एकेक थर निघत होता आणि मागची रांग घाई विसरून माना उंचावत होती. काकूंनी कार्ड दोन्ही हातांनी माझ्यावर ठेवलं. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. मलासुद्धा धाकधूक वाटत होती.

हिरवा.

"माझ्याने उघडलं," काकू स्वतःशीच म्हणाल्या आणि काकांच्याही पुढे पळाल्या.

संध्याकाळी दोघं परतले. काकूंनी कार्ड टेकवलं, बाहेर आल्या आणि ताईंना म्हणाल्या, "शेवटची आली. पण आली ती सरळ माझ्याकडे." मागे वळून पाहतात तर काका आतच, चारही खिसे चाचपत. कार्ड शेवटी चष्म्याच्या घरात सापडलं.

काका बाहेर येताच काकूंनी हात पुढे केला. "द्या ते इकडे. रुमालात ठेवते. हरवेल."

काकांनी निमूटपणे दिलं.

आता माझी काच खरवडली आहे आणि नवं मशीन येणार अशी कुजबुज आहे. मी जाण्याआधी एवढं करा. घरात कुणाचं कार्ड रुमालात झोपलं असेल, तर त्याला एकदा माझ्याकडे घेऊन या. माझा हिरवा दिवा अजून चांगला लागतो.