बारीक आवाज

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की नवरा बायकोचं ऐकेनासा होतो, हे काही कुणाला सांगायला नको. त्यामुळे काकूंनी सुरुवातीला त्याचा बाऊ केला नाही. मग भांडून पाहिलं. "भिंतीशी बोलले असते तर निदान पोपडा तरी पडला असता," असंही म्हणून झालं. मग रुसल्या. शेवटी बोलणंच आटोपतं घेतलं. जेवायची वेळ झाली की ताट जरा आपटून ठेवायचं, बाहेर जायचं असलं की किल्ल्या समोर धरायच्या. चालत होतं आपलं.

त्यांना लागायचं ते निराळंच. त्यांचे यजमान, मिस्त्री, बाकीच्यांचं ऐकायचे. शेजारचा सुतार कुंपणापलीकडून पुटपुटला तरी ह्यांची मान वर. नावाड्यानं धक्क्यावरून हाक दिली की हे हातातलं टाकून निघाले. म्हणजे कान शाबूत होते. बायकोसाठी तेवढे बंद. "तुझ्या बाबांना आता मी नकोशी झालेय," असं त्या एकदा लेकीला फोनवर म्हणाल्या. लेक हसली, "आई, काहीतरीच तुझं!" मग तो विषय त्यांनी कुणाकडेच काढला नाही.

घराच्या मागच्या दाराला लागूनच मिस्त्रींची शेड होती. होड्यांच्या मागे लावायच्या मोटरी तिथं लाकडी घोड्यांवर टांगलेल्या असायच्या, आणि खाली पाण्याचं मोठं पिंप. मोटर दुरुस्त झाली की तिचं खालचं टोक पिंपात बुडवून ती चालवून बघायची. मिस्त्रींच्या हाताला गुण आहे, असं सारा नदीकाठ म्हणायचा.

त्या आठवड्यात नावाड्याची मोटर आली होती. नावाडी माणसांना नदीपार न्यायचा. पूल लांब, आणि मोठा दवाखाना पलीकडच्या काठावर, त्यामुळे त्याच्या होडीत कायम कुणी ना कुणी आजारी असायचंच. मोटर इतकी जुनी की तो तिला 'म्हातारी' म्हणायचा.

"काका, सकाळी म्हातारी उठता उठत नाही," तो म्हणाला. "दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायची पाळी आली. आणि एकदा उठली, की मध्यावर जाऊन तापते. तापली की आतला भोंगा किंचाळतो. परवा तर मोटर बंद करून वल्ही मारत गेलो. होडीत एक बाळंतीण होती हो. मुकाट बसली बिचारी, पण तिच्या आईनं माझा उद्धार केला."

मिस्त्रींनी म्हातारीचा कार्बोरेटर उघडून साफ केला. प्लग बदलला. पाणी वर खेचणाऱ्या पंपातली रबरी चक्री झिजली होती, तीही नवी घातली. तरी दोरी ओढली की मोटर दोनदा खोकायची आणि गप्प. त्यांनी कार्बोरेटर पुन्हा उघडला. नावाडी आणि ते आळीपाळीनं दोरी ओढत राहिले. नाकी नऊ आले दोघांच्या. अखेर कशीबशी लागली एकदाची.

पिंपातलं पाणी ढवळलं गेलं. मोटरच्या मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोमात उडू लागली. धार चांगली म्हणजे पंप चांगला. मिस्त्री खूश होऊन धारेखाली बोट धरून उभे राहिले.

आवाज ऐकून काकू मागच्या दारात आल्या होत्या. तेवढ्यात भोंगा सुरू झाला. बारीक, कानात सुई घातल्यासारखा. मिस्त्रींनी हसत मोटरचा वेग आणखी वाढवला. भोंगा किंचाळतच होता. नावाडी एक पाऊल मागे सरला. त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं, मग काकूंकडे. काय चाललंय, त्याला कळेना.

"अहो, बंद करा!" काकू ओरडल्या. मिस्त्री धारेकडे बघत उभे. मोटरच्या टोपणातून करपट वास यायला लागला, तशा काकू धावल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

"का बंद केलीस? आत्ता कुठं लागली होती!" मिस्त्री भडकले.

"भोंगा वाजत होता."

ते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. "काय?"

मग नावाडी आपल्या भरदार आवाजात हळूच म्हणाला, "काका, भोंगा वाजत होता. मघापासून."

हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी चिंधी उचलली आणि मघाच पुसलेले हात पुन्हा पुसू लागले. "आज राहू दे," ते म्हणाले. "उद्या ये."

काकू स्वयंपाकघरात परतल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. भोंगा बारीक. सुताराचा आवाज घोगरा, नावाड्याचा भरदार. आणि आपला? शाळेत असल्यापासून सगळे त्यांना 'चिमणी' म्हणत आले होते. इतक्या वर्षांचा राग मनात पाय पसरून बसला होता, त्याला एकाएकी बसायला जागाच उरली नाही. हसू आलं, आणि लाजही वाटली. हा माणूस ऐकत नव्हता असं नव्हतंच. ह्याला ऐकूच येत नव्हतं.

मिस्त्री शेडमधून उठेनात. काकू चहा घेऊन गेल्या, समोर स्टूल ओढून बसल्या आणि नाटकातल्या पाटलासारखा जाड आवाज काढून म्हणाल्या, "कधीपासून ऐकू येत नाही?"

मिस्त्री दचकले. "येतं की. सगळं येतं." चहा निवत गेला. मग ते म्हणाले, "पाखरं ऐकू येत नाहीत. मला वाटलं, नदीवरची पाखरंच कमी झाली."

काकूंनी स्टूल आणखी पुढं ओढलं.

"तूही बोलेनाशी झालीस. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. विचारायचा धीर होईना. त्यात आज गिऱ्हाइकासमोर हे असं... मोटर जाळलीच असती मी. आता ह्या हातांवर कोण विश्वास ठेवणार?"

"हातांना काय धाड भरलीय?" काकू त्याच पाटलाच्या आवाजात म्हणाल्या. "कान माझे घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नावाडी आला, तेव्हा काकू पदर खोचून मोटरपाशी उभ्या होत्या. पेट्रोलच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो; तो दाबून दाबून पेट्रोल मोटरपर्यंत पोचवायचं आणि तो कडक झाला की दोरी ओढायची. म्हातारीचा फुगा कडकच होत नव्हता. मिस्त्री दाबत राहिले. "काही ऐकू येतंय?"

"सूं करतंय काहीतरी," काकू म्हणाल्या, आणि नळी जिथं मोटरला जोडली होती तिथं त्यांनी बोट ठेवलं. मिस्त्रींनी त्यावर साबणाचं पाणी चोपडलं. फुगा दाबला तसे बुडबुडे आले. जोडाखाली नळीला केसाएवढी चीर होती. तिथून हवा शिरत होती, आणि मिस्त्री उगाच कार्बोरेटरच्या मागे लागले होते. नवी नळी घातल्यावर म्हातारी दुसऱ्या ओढीला उठली.

"आता तापतेय का, ते बघायचं," मिस्त्री म्हणाले. "पंप पाणी ओढतोय, धार चांगली आहे, म्हणजे पाणी पुढं अडतंय. इंजिनाच्या माथ्यावर एक झडप असते. इंजिन तापलं की तिनं उघडायचं आणि पाण्याला वाट द्यायची. ही बहुतेक दार लावून बसलीय."

झडप काढली तर तिच्यावर गाळाचा आणि क्षाराचा थर. घासूनही खात्री वाटेना. तेव्हा मिस्त्री ती घेऊन थेट गॅसपाशी आले.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात नाही हं!"

हे मात्र त्यांना न ऐकताच समजलं. जुन्या टोपात पाणी ठेवून जुनी झडप आणि एक नवी झडप, दोन्ही दोऱ्याला बांधून आत सोडल्या. तिघंही टोपावर वाकले. पाणी जेमतेम तापलं तशी नवीनं अलगद तोंड उघडलं. पाणी खळाखळा उकळलं, तरी जुनी तोंड मिटूनच.

"रुसलीय," नावाडी म्हणाला.

"रुसलेली नाही. अडकलीय," मिस्त्री म्हणाले.

नवी झडप बसवली, पाण्याची वाट गजानं खरवडून मोकळी केली आणि मोटर पिंपात लावली. मिस्त्री सारखे काकूंकडे बघत होते. "वाजतोय?" काकूंनी नाही म्हणून मान हलवली. "आता?" पुन्हा नाही. "नक्की?"

"नाही म्हटलं ना!" काकू आपल्या मूळच्या आवाजात किंचाळल्या, आणि नावाड्याला हसू आवरेना.

पाण्यावरच्या चाचणीला काकूही होडीत बसल्या. म्हातारी गुमान नदीपार गेली. धक्क्याला लागल्यावर काकूंनी पिशवीतून मिस्त्रींचा धुतलेला सदरा काढला.

"हे काय?"

"दवाखाना. कानाचे डॉक्टर."

"हा कट आहे!" मिस्त्री नावाड्याकडे वळले.

"मी फक्त होडी चालवतो, काका," नावाडी म्हणाला.

तपासण्या झाल्या, पुढं काही दिवसांनी यंत्रही कानात बसलं. ते घालून परतताना मिस्त्री होडीत कपाळाला आठ्या घालून बसले होते. पाणी फार वाजतं, म्हणाले. आपला सदरासुद्धा वाजतो. ही मोटर एवढी कर्कश असेल असं वाटलं नव्हतं. एकदा त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. काकूंनी हात पुढं केल्यावर पुन्हा घातलं.

नदीच्या मध्यावर ते काकूंकडे सरकले. "एवढ्या वर्षांत तू काय काय बोललीस, जे मला ऐकूच आलं नाही?"

काकूंनी आठवून पाहिलं. बरंचसं तसं काहीच नव्हतं. सिलिंडर, छत्री, कुणाचं तरी लग्न. एका हिवाळ्यात ताप चढला होता, तेव्हा जरा जवळ बसा म्हटलं होतं, आणि हे शेडमध्ये निघून गेले होते. ती गोष्ट सांगायची होती. पण घरी, समोरासमोर बसून, मोटर बंद असताना.

"मोरीतला नळ गळतो, असं सांगत होते," त्या म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"गळतोच आहे."

"मग घरी गेल्यावर आधी पाना काढतो," मिस्त्री म्हणाले, आणि धक्का जवळ आला तसे दोर फेकायला उठले.