पासवर्ड टाकायला आलेला माणूस

तिने लॅपटॉपच्या बगलेतलं झाकण नखाने उचललं, खिटी सरकवली आणि हार्ड डिस्कचा डबा बाहेर ओढला. तो निम्म्यावर येऊन अडकला. रबराच्या पट्टीखाली चिखल वाळून दगड झाला होता. जुन्या टूथब्रशने तिने तो खरवडला, फुंकर मारली आणि पुन्हा ओढला. या वेळी डबा सुटला. आतली डिस्क तिने कानाशी नेऊन हलवून पाहिली.

“गेली,” ती म्हणाली.

“जाऊ दे. तिच्यात माझं काही नाही,” समोरच्या स्टुलावर बसलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले. “मशीन जगलं पाहिजे.”

गृहस्थ जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले होते, आणि अजून साहेबच होते. दुकानात शिरताना त्यांनी दाराच्या चौकटीकडे असं पाहिलं होतं, जणू ती तिरकी बसवल्याबद्दल कोणाला तरी नोटीस काढायची आहे. लॅपटॉप त्यांनी त्यांच्याच कचेरीच्या लिलावात घेतला होता. विटेसारखा जड, वर धरायला मूठ, प्रत्येक भोकाला रबरी बूच. पाण्यापावसात, धुळीत, दगडावर आपटला तरी चालावा म्हणून बनवलेला. एका कोपऱ्याचा रंग उडून आतला धातू दिसत होता.

“तो कोपरा मशीन पुलावरून पडलं तेव्हाचा,” साहेब म्हणाले. “खाली उडी मारून बारक्याने काढलं. आधी मशीन वर दिलं, मग स्वतः आला.”

“बारक्या कोण?”

“माझा माणूस. बारा वर्षं बरोबर होता. मी मोजणीच्या दुर्बिणीतून आकडे वाचायचो, तो यात टाकायचा. मी कधी याच्या बटणांना हातही लावला नाही.”

ती हसली आणि कामाला लागली. जुनी डिस्क ज्या मऊ गादीत बसवलेली होती, ती गादी तिने न फाडता वेगळी केली. नवी डिस्क तीत बसवली, कागदासारखी पातळ पट्टी जोडली, चारही स्क्रू आधी सैल आणि मग घट्ट केले. डबा आत ढकलला तेव्हा ‘खट्’ असा आवाज आला. या धंद्यात तिला सगळ्यात आवडणारा आवाज हाच. मग तिने पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं आणि कपाळाला हात लावला.

काळ्या पडद्यावर एक पांढरी चौकट उभी होती. पासवर्ड.

“आता डिस्क तर नवी घातली ना?” साहेबांनी विचारलं.

“हा डिस्कमधला नाही. मशीनच्या बोर्डातच बसवलेला आहे. हा टाकल्याशिवाय ते पेनड्राइव्हकडे बघणारही नाही. तुम्हाला माहीत आहे का?”

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला.

“बारक्याने टाकलेला असणार. त्याला विचारा.”

“तुम्हीच लावा ना फोन. तुमचा माणूस आहे.”

“माझ्या फोनवर आवाज नीट येत नाही,” साहेब म्हणाले आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. तिच्यावर नंबर आधीच लिहिलेला होता.

संध्याकाळी साहेब गेल्यावर तिने फोन लावला. पलीकडचा आवाज मऊ होता, पण मशीनचं नाव निघताच जरा आखडला.

“तो पासवर्ड फोनवर सांगता येणार नाही, ताई.”

“मग चिठ्ठी पाठवा.”

“लिहिताही येणार नाही. मी येऊन टाकून जातो. उद्या अकराला.” मग त्याने आवाज उतरवला. “साहेब असतात का तिथे?”

“छे. ते संध्याकाळी येतात.”

ती खोटं बोलली नव्हती. पण नंतर साहेबांचा फोन आला तेव्हा काम कुठवर आलं ते सांगायला हवंच होतं, आणि त्या ओघात ‘उद्या अकराला’ हेही तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी दहाला तिने शटर वर केलं, तर साहेब पायरीवर उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. पावसाचा पत्ता नव्हता.

बारक्या अकराच्या ठोक्याला आला. नावाचाच बारक्या, दारातून आत यायला त्याला खांदे तिरके करावे लागले. पन्नाशीचा, केस पिकलेले. साहेबांना पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. आपण चहाडी करताना पकडले गेलो असं तिला वाटलं.

“ये, ये,” साहेब उठून उभे राहिले. “जाड झालास.”

“वय झालं, साहेब.”

“माझं झालं म्हण. तुझं कसलं?”

एवढं बोलून दोघांचंही संपलं. बारा वर्षं एकत्र हिंडलेल्या माणसांची ही भेट असेल असं कोणी शपथेवर सांगितलं तरी तिला पटलं नसतं.

“नदीकाठी एका शाळेचं मैदान मोजायचंय,” साहेबच पुन्हा म्हणाले. “खाजगी काम आहे. म्हटलं आपलंच मशीन घ्यावं. तुला सवड असली तर…”

“मला नाही जमणार, साहेब. घरी बरंच काम आहे.”

साहेबांनी मान हलवली. बारक्या लॅपटॉपपुढे बसला, पण त्याचे हात मांडीवरच राहिले. त्याने मागे वळून पाहिलं.

“साहेब, जरा…”

हा माणूस कोणाच्या सांगण्यावरून बाजूला होईल असं तिला वाटत नव्हतं. पण साहेबांनी छत्री उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

तिनेही भिंतीकडे मान वळवली. ही सवय वडिलांची. ते कुलपं दुरुस्त करायचे. ‘कपाट उघडलं की आपण खिडकीकडे बघावं,’ म्हणायचे.

“बघितलंत तरी चालेल, ताई,” बारक्या खालच्या आवाजात म्हणाला. “शिवी आहे. साहेबांना घातलेली.”

“काय?”

“एका नाल्याची मोजणी होती. साहेबांनी दुर्बिणीतून वाचलं अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, साहेब, आधीचे आकडे बघता अठ्ठावीस असेल, पुन्हा बघा. म्हणाले, दुर्बीण माझ्या डोळ्याला आहे की तुझ्या? मी अठ्ठेचाळीस टाकलं. नाला बांधून झाला आणि पाणी उलटं चालायला लागलं. लोकांच्या अंगणात शिरलं. चौकशी बसली. सगळ्या कचेरीसमोर साहेब म्हणाले, मी बरोबर वाचलं, या गाढवाने टाकताना घोळ केला.” तो बटणांकडे बघत बोलत होता. “माझी बढती गेली. मी बदली मागून घेतली. पण कागद यायला आठ महिने लागले. ते आठ महिने रोज सकाळी, त्यांच्या शेजारी बसून, हाच पासवर्ड टाकायचो. तेवढंच समाधान.”

त्याने दोन बोटांनी भराभर अक्षरं टाकली. पडदा निळा झाला आणि सेटिंगची यादी उघडली.

“उघडलं,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा होता. गॅसवाला आला होता आणि पुस्तक सापडत नव्हतं. “कपाटात, वरच्या खणात,” असं सांगत तो दुकानाबाहेर पडला आणि बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत गेला.

पासवर्ड कायमचा काढून टाकावा म्हणून तिने यादीत खाली जाऊन योग्य जागी बटण दाबलं. नवा पासवर्ड रिकामा ठेवायचा होता. पण त्याआधी मशीनने जुना पुन्हा मागितला. ती थांबली.

साहेब आत आले होते.

“काय अडलं?”

“जुना पासवर्ड परत एकदा टाकावा लागतो. येऊ देत त्यांना.”

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. कोपऱ्यावर बारक्या एका हाताने हवेत कपाटाचे खण दाखवत होता. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लागेल इतके वाकले आणि एका बोटाने, एकेक बटण शोधत, टाकायला लागले. मान वळवायचं ती विसरली. आधी गाढव. मध्ये ते जरासे थबकले.

“यात एक ‘ए’ जादा घालायचा,” ते पुटपुटले. “स्पेलिंग कच्चंच त्याचं.”

मग पुढे साहेब. मशीनने मुकाट्याने मान्य केलं. नव्या पासवर्डाची चौकट आली. ती तिने दोनदा रिकामी सोडली.

“तुम्हाला माहीत होता?”

“दुसऱ्याच दिवशी दिसला. शेजारी बसलेला असायचो ना.”

“आणि बोलला नाहीत?”

“काय बोलणार? खोटं लिहिलं असतं तर रागावलो असतो.”

तिला वडिलांचं एक तरी वाक्य आठवायला हवं होतं, पण अशा कपाटाबद्दल ते काही बोलल्याचं तिला आठवेना.

“मग मला कशाला त्यांना फोन करायला लावला?”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते स्टुलावर बसले. “माझा फोन तो उचलत नाही,” ते म्हणाले. “नऊ वर्षं झाली.”

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला. पडद्यावर एक पट्टी उमटली आणि नवी प्रणाली मुंगीच्या पावलांनी नव्या डिस्कवर उतरायला लागली. बारक्या परत आला तेव्हा पट्टी सात टक्क्यांवर होती. तो उभ्याउभ्याच पडद्याकडे बघू लागला.

“काढला का पासवर्ड?”

“काढला.”

“पण काढताना तो पुन्हा मागतो ना? मीच बसवलेला, मला माहीत आहे.”

ती खाली वाकून रबरी बूच बसवायला लागली. बूच आधीच बसलेलं होतं. तिने ते काढून पुन्हा बसवलं.

बारक्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छत्रीचं टोक फरशीच्या फटीत रुतवलं होतं आणि त्यांची नजर तिथेच होती. बारक्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. त्याने तोंडावरून एकदा हात फिरवला. मग शेजारचं स्टूल पायाने ओढलं आणि बसला. स्टूल कुरकुरलं.

तिघं मिळून पट्टीकडे बघत राहिले. एकवीस टक्के. पंचवीस.

“अठ्ठावीसच होतं,” साहेब म्हणाले.

बारक्या पडद्याकडेच बघत होता. “हो.”

“चौकशीच्या आदल्या दिवशी मी एकटा जाऊन पुन्हा पाहिलं होतं. अठ्ठावीस.”

हे बारक्याला माहीत नव्हतं. त्याचा गुडघा इतका वेळ एका लयीत हलत होता, तो थांबला. बाहेरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. तिला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल, आणि गेला तर याला कोणी नावं ठेवणार नाही. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी बसल्या जागी पाय आवरून त्याला वाट करून दिली.

बारक्या उठला नाही. पट्टी पन्नासच्या पुढे गेली.

“मला आता दुर्बिणीतलं दिसत नाही,” साहेब म्हणाले. “डावा डोळा तर गेल्यातच जमा. त्या मैदानावर आकडे वाचायला कोणीतरी लागणार. टाकायचं काम मी करीन. सावकाश टाकीन. जो सांगशील तोच.”

ती उठून मागच्या खोलीत गेली, उगाचच नळ सोडून हात धुतले, टॉवेलला पुसले आणि परत आली. पट्टी भरली होती. मशीन एकदा बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि काहीही न विचारता उघडलं.

बारक्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं, मुठीला धरून तो उचलून पाहिला आणि साहेबांकडे न बघताच विचारलं,

“पाणी किती आहे तिथे? गमबूट लागतील का?”